नवं झाकण देण्याआधी जुनं मागणाऱ्या दादांना

दादा,
स. न. वि. वि.

तुमच्या सुट्या भागांच्या दुकानात पेट्रोलच्या टाकीचं झाकण मागायला कुणीही आलं की तुम्ही आधी विचारता, "जुनं आणलंय का?" नसेल आणलं, तर चेसिस नंबर बघायला आरसी मागता. गिऱ्हाईक घाईत असतं, काउंटरवर गर्दी असते, तरी तुम्ही दोन्ही झाकणं शेजारी उलटी ठेवून रबर आणि आटे ताडून बघता. घरीच गाडीची बारीकसारीक कामं करणारी आम्ही मंडळी या एका सवयीसाठी तुमचे मनापासून आभार मानतो. झाकण बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. ते फसतं ते बहुतेक वेळा दुकानातच, चुकीचं झाकण हातात पडल्यामुळे.

वरून दोन झाकणं अगदी सारखी दिसतात. खालच्या बाजूला मात्र एकाला पूर्ण आटे असतात, तर दुसऱ्याला पाव फेऱ्यात अडकणाऱ्या दोन पाकळ्या. चुकीचं झाकणही फिरतं, कटकट वाजतं, पण रबर पेट्रोल भरण्याच्या नळीच्या काठाला टेकतच नाही. शिवाय झाकणाच्या पोटातला छोटा व्हॉल्व्ह असतोच. पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत हवा आत यावी लागते. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बऱ्याच गाड्यांत ही हवा झाकणातूनच येते. अशा गाडीला बिनछिद्राचं झाकण लावलं, तर टाकीत पोकळी तयार होते आणि काही अंतरानंतर इंजिन पेट्रोलवाचून बंद पडतं. झाकण सैल केल्यावर जोरात हवा आत ओढली गेली आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर दोष तिथेच समजावा. नव्या गाड्यांत टाकीची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे ती शोषून घेणाऱ्या डब्यात जाते. तिथे छिद्राचं झाकण लावलं, तर वाफ कॅनिस्टर टाळून थेट बाहेर पडते.

तुम्ही दाखवता ती नखाची परीक्षा तर प्रत्येक गाडीवाल्याला यायला हवी. रबरावर नख दाबून सोडायचं. खळगा लगेच भरून आला तर रबर जिवंत आहे. खूण तशीच राहिली, रबर चपटं होऊन चकाकू लागलं किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या, तर ते संपलं. "क्लिक वाजलं म्हणजे बसलं असं नाही," हे तुमचं म्हणणंही शंभर टक्के खरं आहे. झाकणातल्या क्लिक वाजवणाऱ्या रॅचेटचे दात झिजले की पुरेसा दाब यायच्या आधीच क्लिक वाजतं.

फक्त रबर बदलण्याचा मोह अनेकांना होतो. कंपनीचं रबर सुटं मिळत असेल तर जरूर बदलावं. नळकामाची रिंग मागणाऱ्याला तुम्ही परत पाठवता, तेही योग्यच. पाण्याच्या नळासाठी वापरतात तसं ईपीडीएम रबर पेट्रोलमध्ये फुगतं. नायट्राइल टिकतं, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला फ्लोरोकार्बन रबर त्याहून चांगलं.

बसवण्याची तुमची पद्धत नव्या लोकांसाठी इथे लिहून ठेवतो. गाडी उघड्यावर, इंजिन बंद आणि गार, जवळ विस्तव किंवा विडी-सिगारेट नको. आधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. झाकण थोडंसं सैल करून वाफेचा सुस्कारा थांबू द्यावा, मग काढावं. झाकण गाडीला बांधून ठेवणाऱ्या पट्टीचं टोक बहुधा झाकणावरच्या दारात किंवा नळीजवळच्या भोकात दाबून बसवलेलं असतं. प्लास्टिकच्या चपट्या तुकड्याने उचकटत, किंचित फिरवत ते सरळ ओढावं. स्क्रू-ड्रायव्हरने जोर लावला तर रंग उडतो.

मग नळीचा काठ बघायचा, कारण इथे गंज किंवा पोचा असेल तर नवं झाकणही गळणार. धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने तो पुसावा. पॉलिश पेपर अजिबात नको, त्याची पूड थेट टाकीत जाते. रबराला ग्रीस किंवा व्हॅसलीनही नको, त्याला धूळ चिकटते. नव्या झाकणाची पट्टी आधी अडकवून घ्यावी. झाकण ठेवून आधी किंचित उलटं फिरवावं. आटे जागेवर आल्याचं हाताला कळतं, तेव्हा सुलटं फिरवावं. सरळ सुलटं फिरवलं की आटे तिरपे चढू शकतात. किती क्लिक हवेत ते बहुधा झाकणावरच छापलेलं असतं. शेवटी दार लावून बघावं, पट्टी मध्ये चिमटत असेल तर ती काही महिन्यांत तुटणार.

इंजिनचा दिवा लागून आलेल्यांनाही तुम्ही आधी झाकण तपासायला सांगता. स्कॅनरवर पी ०४५७ हा दोषाचा कोड आला तर पहिला संशय सैल किंवा गायब झाकणावर, आणि मोठ्या गळतीचा पी ०४५५ असला तरी सुरुवात तिथूनच. अमेरिकेतल्या २००० नंतरच्या गाड्या तर साधारण अर्धा मिलिमीटर छिद्राएवढी गळतीही पकडतात. आपल्याकडच्या अनेक गाड्या अशी गळती शोधतच नाहीत. म्हणून दिवा नाही म्हणजे झाकण ठीक, असं धरू नये. उन्हात उभ्या गाडीच्या त्या बाजूला पेट्रोलचा वास येतो का, ते बघावं. झाकण बदलल्यावरही दिवा लगेच जात नाही, काही फेऱ्या व्हाव्या लागतात. त्यासाठी बॅटरीची वायर काढायची गरज नाही.

पावसाळ्याबद्दलचा तुमचा इशारा कोकणातल्या गाडीवाल्यांनी तर नक्की ऐकावा. झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत पाणी जायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की पाणी साचून थेट रबराशी येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी उतरतं. पंप ते आधी ओढतो, मग गाडी सकाळी चालू व्हायला कुरकुर करते. मऊ तारेने हे भोक मोकळं ठेवायचं, एवढंच.

पावसाआधी आमच्यातले काहीजण झाकणं बदलायला येतील. जुनं झाकण आणि आरसी, दोन्ही सोबत असेल.

आपली,
घरीच गाडीची कामं करणारी मंडळी