हबक्कूकचा पहिला अध्याय

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर हा विषय काढला की आईचा गळा दाटतो आणि बोलणं राहून जातं, म्हणून लिहितोय. मी पुन्हा चर्चला जायला लागलोय. इथे सुरतेत उपासना गुजरातीत असते, पण समजते. गेल्या प्रभुभोजनाला मी भाकर आणि प्याला घेतला. त्याआधी ताट आलं की शेजारच्याकडे सरकवायचो.

बाबा, 2021 चा फेब्रुवारी आठवतो ना? बर्ड फ्लूचा रिपोर्ट आला आणि धडधाकट पक्षीही पोत्यात गेले. अंडी गेली, फीड गेलं. जेसीबीने खड्डा खणला, वर चुना टाकला. रात्री मी शेडमध्ये गेलो तर कोंबड्यांच्या पिण्याच्या निपलमधून पाणी टपकत होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. आदल्या रात्री तिथेच गुडघे टेकून शेड वाचव म्हणून रडलो होतो. त्यानंतर माझ्या तोंडून प्रार्थना निघेना. कर्ज राहिलं ते वेगळंच.

त्या रविवारी तुम्ही घरी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचलात. अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मी मधूनच उठून बाहेर गेलो. मला ते वचन तेव्हा निर्दय वाटलं. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात निघाला, तेव्हाही तुमचं सगळं गेलं होतं, तरी तुम्ही पुढच्याच रविवारी चर्चमध्ये पेटी घेऊन बसलात. ते बळ माझ्यात का नाही, हे मला आतून खात राहिलं.

यंदा पावसाळ्यात एका रात्री झोप येईना, म्हणून आईने दिलेलं पवित्र शास्त्र काढलं. हबक्कूकच उघडला, पण या वेळी पहिल्यापासून. तोच माणूस तिथे देवाला जाब विचारतो. मी किती वेळ ओरडू, तू ऐकणार नाहीस का? दुष्ट माणूस नीतिमानाला गिळतो तेव्हा तू गप्प का? देवाने त्याला हाकलून दिलं नाही. मग तो बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं तेही गोड नव्हतं, खास्दी, म्हणजे बाबेलचं सैन्य, चालून येणारच होते. गुरं परत मिळाली असंही कुठे लिहिलेलं नाही. आपल्या मंडळीत हा पहिला अध्याय मोठ्याने वाचलेला मी कधी ऐकला नाही. वाचायला हवा, बाबा. माझ्यासारखे किती जण मागच्या बाकावर गप्प बसलेले असतील.

त्या रात्री मी गुडघ्यांवर बसलो आणि आधी भांडलोच. शेडवरून, कर्जावरून, तुमच्या उतारवयातल्या हालांवरून. पक्षी का गेले ते अजून कळलेलं नाही. शंका येतात, पण आता त्या त्याच्यासमोरच मांडतो. आजारी मुलाला घेऊन येशूकडे आलेल्या त्या बापाचं वाक्य रोज म्हणतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.

आई, तू इतक्या वर्षांत "चर्चला गेलास का" असं एकदाही विचारलं नाहीस, "जेवलास का" एवढंच विचारलंस. पण ताई सांगते, पहाटे माझं नाव घेतल्याशिवाय तू चूल पेटवत नाहीस. शिष्य पेत्राने ओळख नाकारण्याआधीच येशूने त्याच्यासाठी विनंती करून ठेवली होती. ते वाचताना मला तूच दिसलीस.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला येतो. शनिवारी संध्याकाळी पॅसेंजरने नवापूरला उतरेन. पाळकसाहेब सगळ्यांसमोर विश्वासाची साक्ष द्यायला सांगतील, त्यांना तुम्हीच नाही म्हणा, मला अजून जमणार नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये बसायचं आहे. सोमवारीही सुट्टी टाकलीय. बाबांचा गुडघा चिंचपाड्याच्या दवाखान्यात दाखवून येऊ. जुने कागद शोधून ठेवा.

तुमचा,
धाकटा