शिसं कुठं बसलंय ते आधी बघ

शाहूपुरी, सातारा
१२ जुलै

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि टार्गेटचे फोटो मिळाले. पेनसिल्व्हेनियातल्या दुकानात तुला ईशापूरची थ्री-नॉट-थ्री मिळाली हे वाचून फार आनंद झाला. आपल्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असायचा, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी नेम धरायला शिकताना खांद्याला लावली ती हीच रायफल. आता तू तिच्यासाठी घरी शिशाच्या गोळ्या ओततोस. पहिल्या आठ-दहा गोळ्या एका जागी बसतात, मग सगळा विस्कोट होतो आणि घरी आल्यावर तू झोपेपर्यंत नळीत ब्रश मारत बसतोस. बॅरल गेली का, असं विचारलंयस.

बॅरल गेलेली नाही. गेलेली बॅरल पहिल्या गोळीपासून भरकटते. तुझी आधी बरोबर मारते आणि नंतर बिघडते, म्हणजे आत काहीतरी साठत जातंय. ते शिसं आहे. दिनू, माझं कळकळीचं सांगणं एकच: ब्रश हातात घेण्याआधी ते शिसं नळीत कुठं बसलंय ते बघ. दुखणं काय आहे ते त्या जागेवरूनच कळतं, आणि तू नेमकं तेच घासून टाकतोस. आर्मररच्या, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायच्या नोकरीत बॅरली पाहण्यातच माझी उमर गेली. गोळ्या मारून झिजलेल्यांपेक्षा घासून खराब केलेल्याच जास्त हाताखालून गेल्या.

तर असं कर. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढ. बोल्टच्या जागी पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरका धर, त्यावर उजेड पडू दे आणि नळीच्या तोंडाकडून आत बघ. मग तीच नळी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूनंही बघ. नळीत आतून पिळासारख्या कोरलेल्या खाचांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. शिसं असेल तिथं कड बोथट झालेली आणि राखाडी, जरा खरखरीत पट्टे दिसतील. त्यानंतर कोरडी चिंधी घट्ट बसवून एकदाच आरपार काढ आणि उन्हात उलगड. काजळीत चंदेरी, चपट्या, नखाच्या कपच्यासारख्या चकत्या सापडल्या तर ते शिसंच.

आता ते चेंबरच्या पुढ्यात, खाचा सुरू होतात तिथं जास्त असेल, तर गोळी नळीला बारीक पडतेय. दारूचा तापलेला वायू गोळीच्या कडेनं निसटतो, शिसं कापत नेतो आणि पुढं खाचेत चिकटवतो. ते तोंडाकडच्या शेवटच्या भागात असेल, तर गोळी मापाला ठीक आहे, पण तिच्यावरचं वंगण वाटेतच संपतंय. आणि नळीभर सारखं पसरलेलं असेल, तर वेग जास्त होतोय किंवा शिसं फार मऊ आहे. तिन्हीला इलाज वेगळा. आणि तिन्हीत नुसतं घासून तुला फार तर पुढच्या आठ-दहा गोळ्या मिळतील.

मला विचारशील तर तुझं दुखणं पहिल्या प्रकारचं असणार. थ्री-नॉट-थ्री (०.३०३ इंच) हे नाव खाचांमधल्या समोरासमोरच्या उंचवट्यांतल्या अंतराचं, खाचा त्याहून खोल असतात. आणि लढाईच्या धामधुमीत बनलेल्या बॅरलींच्या खाचांचं माप ०.३११ इंचापासून ०.३१५ पर्यंत कुठंही सापडतं. दुकानातल्या तांब्याच्या आवरणाच्या गोळीला तेवढा फरक खपतो, ओतीव शिशाला अजिबात खपत नाही. ओतीव गोळी खाचेच्या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाडच हवी. तू ०.३११ चा साचा घेतलास असं लिहिलंयस. तिथंच माझी शंका आहे.

माप असं घे. मऊ शुद्ध शिशाचा एक तुकडा नळीहून थोडा जाड बनव, तेल लाव आणि लाकडी दांड्यानं हळूहळू नळीतून आरपार ढकल. खाचांचा ठसा घेऊन तो बाहेर येईल. मात्र या रायफलीला बहुधा पाच खाचा असतात. विषम संख्या असल्यामुळे खाचेच्या बरोबर समोर खाच येत नाही, उंचवटा येतो, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरनं घेतलेलं माप कमी भरतं. व्ही आकाराच्या अँव्हिलचा, म्हणजे बैठकीचा मायक्रोमीटर लागतो. एखाद्या चांगल्या मशीन शॉपमध्ये तो तुकडा नेलास तर ते मोजून देतील. जाड गोळी आली की काडतूस चेंबरमध्ये अलगद बसतं ना ते आधी बघ. बोल्ट लावताना जोर करावा लागला तर थांब. तिथं जबरदस्ती नको.

शिशाबद्दल थोडं. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि फार मऊ असतं. त्यात कथील घातलं की ओतताना साच्याचा कोपरान्‌कोपरा भरतो. आपल्याकडे कल्हईला वापरतात तेच कथील. कडकपणा येतो तो अँटिमनीनं. छापखान्याचे जुने खिळे याच तिघांचे असायचे, म्हणून तुमच्याकडचे लोक लायनोटाइप या जुन्या छपाई यंत्राचं शिसं शोधत असतात. गाडीच्या चाकांवरची वजनं वितळवत असशील तर नीट निवड, हल्ली त्यात जस्ताची बरीच निघतात. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून भांड्याची उष्णता त्याखाली ठेवलीस तर ते वर तरंगतं आणि उचलून टाकता येतं. एकदा मिसळलं की तो सगळा घाणा वाया गेला.

वंगणाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तू त्याकडे लक्ष दिलेलं दिसत नाही. सत्तावनच्या काडतुसांची चरबी आपण शाळेत शिकलो. चार भिंती हुतात्मा स्मारकाकडे फिरायला जायचो तेव्हाही त्यावर बोलायचो. पण ती चरबी मुळात होती कशाला? १८५३ च्या एनफिल्डमध्ये गोळी उघड्या शिशाची आणि भरायची तोंडाकडून. वंगणाशिवाय ती जळक्या दारूच्या काजळीत अडकली असती. कंपनी सरकारनं शिपायाच्या धर्माची पर्वा केली नाही ही गोष्ट वेगळी आणि ती मोठी, पण शिशाला वंगण लागतं ही गरज खरी होती. ती आजही तशीच आहे. मधमाशीच्या मेणाला अजून तोड नाही. त्यात थोडं मऊ वंगण मिसळून गोळीच्या आडव्या खाचा काठोकाठ भरायच्या. महाबळेश्वराकडून मेणाची ढेप आणली की माझं काम वर्षभर भागतं, दोरा, चामडं, लाकूड सगळ्याला तेच. वंगण पुरतंय का याची खूण रायफल स्वतः देते: काही गोळ्या मारल्यावर नळीच्या तोंडाभोवती चांदणीसारखा मेणकट ठसा उमटला पाहिजे. नळीचं तोंड कोरडंठक्क असेल तर वंगण तिथवर पोचत नाही.

वेगही आवर. फौजेची मार्क सेव्हन गोळी सेकंदाला सुमारे २,४४० फूट जायची, पण तिला आवरण होतं. ओतीव गोळीला तो वेग मागू नकोस. बुडाला तांब्याची वाटी, म्हणजे गॅस चेक बसवलास तर १,८००-२,००० पर्यंत जाता येईल, नाहीतर १,५०० च्या आसपासच रहा. दारूचं वजन छापील तक्त्यातूनच घे, कोणाच्या सांगण्यावरून नको.

आता साफसफाई. या रायफलीवर आधी आवरणाच्या गोळ्या चालल्या असणार, तेव्हा पहिलं तांबं काढ. तांब्याच्या सॉल्व्हंटनं चिंधीवर निळा-हिरवा डाग येतो, तो यायचा थांबेपर्यंत कर. उरलेल्या तांब्यावर शिसं लगेच धरतं. मग शिशासाठी कांशाच्या तारेचा जुना ब्रश घे आणि भांडी घासायच्या तांब्याच्या घासणीतल्या चार तारा त्याला गुंडाळ. घासणीला आधी चुंबक लावून बघ. चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड, नळीत घालू नकोस. रॉड चेंबरच्या बाजूनं घाल, ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर पडू दे, नळीच्या मधे दिशा बदलू नकोस. पाऱ्यानं शिसं निघतं असं तुला कोणी सांगेल, किंवा व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचं मिश्रण सांगेल. पारा विष आहे, आणि त्या मिश्रणात शिशाचा विषारी क्षार तयार होतो, शिवाय पोलाद खातं ते वेगळंच. दोन्ही दाराबाहेर ठेव.

बटातल्या, म्हणजे लाकडी दस्त्यातल्या झाकणाखाली पुल-थ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, मिळाला असेल तर जपून ठेव, पण वापरू नकोस. मळलेली दोरी तोंडाच्या कडेला घासत ओढली की तिथं खोबण पडते. तोंडाची कड बिघडली की नेम गेला, तो कोणत्याही साफसफाईनं परत येत नाही. आणि गोळी मापाची झाली, वंगण पुरलं, की दर वेळी घासायची गरजच राहणार नाही. एक-दोन तेलकट चिंध्या, मग एक कोरडी, बस. इथं कॉलेजच्या पॉइंट टू-टू रायफलींकडे मी बघतो. त्यांची गोळीसुद्धा मेणाचा हात दिलेलं शिसंच, ४० ग्रेनची. त्यांना मी तारेचा ब्रश लावतच नाही. या पावसात आपल्याला खरी भीती गंजाची असते, म्हणून तेलाची चिंधी मात्र चुकवत नाही.

शेवटचं, आणि हे मी हात जोडून सांगतोय. तुझी नातवंडं घरात येतात. शिसं गॅरेजमध्ये बंद दाराआड वितळवू नकोस, अंगणात कर. भांड्याजवळ पाण्याचा थेंबही नको. वितळलेल्या शिशाखाली पाणी गेलं तर त्याची वाफ होऊन सगळं तोंडावर उडतं. ओतताना बूट, हातमोजे, चष्मा घाल. नंतर साबणानं हात धुतल्याशिवाय चहालाही शिवू नकोस. ते कपडे पोरांच्या कपड्यांत धुवायला टाकू नकोस. आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घे. वहिनींना हे वाचून दाखव, म्हणजे त्या तुझ्यावर लक्ष ठेवतील.

ठशाचं माप, साच्यातून पडलेल्या गोळीचं माप आणि न घासता काढलेल्या पहिल्या चिंधीचा फोटो, एवढं पाठव. शिसं चेंबरकडे जास्त होतं की तोंडाकडे तेही लिही. मग पुढचा साचा कोणत्या मापाचा घ्यायचा ते ठरवू. तोपर्यंत नवा घेऊ नकोस.

तुझा,
अशोक