लायसन्स देण्याआधी बाण मारून दाखवायला लावा : पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनला खुलं पत्र

मा. एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर,
पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन, हॅरिसबर्ग

नमस्कार साहेब,

इंग्रजी पत्र ऑफिसला वेगळं पाठवलंय. हे मराठीत टाकतोय कारण एक्स्टन, किंग ऑफ प्रशियाकडे आपली मराठी घरं भरपूर आहेत आणि राज्यातली शिकार सांभाळणारं तुमचं कमिशन लायसन्स कशी देतं हा विषय त्यांच्या बॅकयार्डपर्यंत येतो.

मी स्वतः धनुष्यबाणाने शिकार करतो, त्यामुळे सीझन बंद करा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. फिलाडेल्फियाच्या उपनगरांत हरणं वाढलीत, गाड्यांना धडकतायत, गोचिडांमुळे लाइम आजाराची भीती घरोघरी आहे, आणि वस्तीजवळ बंदूक चालवायची तर घरापासून 150 यार्ड लांब राहावं लागतं, बाणाला मात्र 50 यार्ड पुरतात, म्हणजे इथे हरणं कमी करायचं काम मुख्यतः आम्हीच करणार. म्हणूनच सांगतो, हे काम येणाऱ्याच माणसाच्या हातात द्या.

आज काय होतं? हंटर एज्युकेशनचा कोर्स एकदा झाला की जनरल लायसन्स 20.97 डॉलर, त्यावर आर्चरीचे, म्हणजे धनुष्यबाणाच्या लायसन्सचे, 16.97, संपलं. धनुष्य हातात धरता येतं का, 20 यार्डांवर बाण कुठे लागतो, कोणी बघत नाही. तुमच्या नियमात धनुष्याची ताकद किमान 35 पाउंड हवी, बाणाचं पातं किमान 7/8 इंच रुंद हवं, सामानाची एवढी तपासणी, आणि ते चालवणाऱ्याची काहीच नाही! शेजारी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये धनुष्यबाणासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं, न्यू जर्सीत तर नेम धरून दाखवावा लागतो.

बाणाने हरीण जागच्या जागी पडत नाही हो, रक्त जाऊन मरतं. फुप्फुसात लागला तर थोडं पळून पडतं, पोटात लागला तर तासन् तास जिवंत राहतं, आणि शिकाऱ्याला थांबायचं कळत नसेल तर तो लगेच मागे धावतो आणि ते रस्ते ओलांडत कुठल्या कुठे जातं. आमच्याकडे मागे एक मादी मांडीत बाण घेऊन मुलं खेळतात त्या लॉनवर आली होती. लोकांनी तेव्हापासून सगळ्याच शिकाऱ्यांना शिव्या घालायला सुरुवात केली, आणि जमीनमालक एकदा नाही म्हणाला की ती जागा कायमची गेली. जखमी हरीण शोधायला पट्ट्याला बांधलेला कुत्रा नेता येतो हे 2018 मध्ये कायद्याने मान्य झालं, फार चांगलं झालं, पण तो झाला नंतरचा इलाज.

क्रॉसबोवाल्यांनाही (बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) यात घ्या. 2009 पासून पूर्ण सीझन त्यांना खुला आहे, आणि दुर्बीण लावली की नेम आपोआप लागतो असं बऱ्याच नवीन लोकांना वाटतं.

माझी मागणी एवढीच की पहिल्यांदा आर्चरी लायसन्स घेणाऱ्याने रेंजवर एक साधी टेस्ट द्यावी आणि जखमी हरणाचा माग कसा काढायचा ते शिकावं. जुन्या लोकांना सूट द्या, नाहीतर ते लगेच विरोधात जातील. सीझनचे निर्णय बोर्ड जानेवारी आणि एप्रिलच्या मीटिंगमध्ये घेतं, तेव्हा हा विषय अजेंड्यावर आणा. तुमचे बरेचसे इन्स्ट्रक्टर व्हॉलंटियरच असतात, माणसं कमी पडली तर मी शिकवायला येतो, क्लबातले अजून काही जण तयार आहेत.

आपला,
चेस्टर काउंटीतला एक मराठी शिकारी