तुला ग्रुपमधून काढलं त्याबद्दल

दारव्ह्याजवळून,
पहिल्या वेचणीचे दिवस

प्रिय सुध्या,

फोन करायला तीनदा तुझा नंबर काढला आणि ठेवून दिला. तू उचलला असतास तर मी पऱ्हाटीचं रडगाणं लावून वेळ मारून नेली असती. म्हणून पत्र.

त्या रात्री तू आपल्या क्रिप्टो नाण्याच्या ग्रुपवर एवढंच विचारलं होतंस, "बावा, वर्षाले वीस टक्के देतो म्हणते, तर ते येते कुठून?" लगेच कोणीतरी दटावलं, फड पसरवू नको. फड म्हणजे यांच्या भाषेत भीती आणि शंका. आपल्याकडं फड तमाशाचा, आणि खरं सांगू, तोच अर्थ जास्त बसत होता. ॲडमिन मी. तुझ्या नावावर बोट दाबून धरलं आणि तुला काढून टाकलं. करड्या अक्षरांत एक ओळ आली, तिच्याखाली शाबासकीची सात-आठ रॉकेटची चित्रं. मला तेव्हा बरं वाटलं रे. तेच सलतंय.

पैशाचं थोडक्यात सांगतो. त्या नाण्यात सोयाबीनचे 40,000 घातले होते, आता त्यात खताचं एक पोतं येईल की नाही कोण जाणे. नफा झाला असता तर सरकारनं 30 टक्के घेतले असते, तोटा मात्र दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही. घरी फक्त हिला माहीत आहे.

तू बिटकॉइनवाल्यांच्या भांडणाचं सांगायचास, तेव्हा मी हसायचो. आता बसून वाचलं. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यात, 1 एमबीच माल घ्यायचा की जास्त, यावरून ते पेटले. म्हणजे बंडी मोठी करायची का, एवढंच. मोठी केली तर भाडं कमी, पण ती ओढायला दमदार जोडी ज्याच्या दावणीला असेल त्यालाच परवडणार. दोघांच्याही म्हणण्यात दम होता. पण 2015 मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटवर एका बाजूच्या पोस्टी उडायला लागल्या, ती माणसं उठून दुसरीकडं बसली, आणि मग दोन्हीकडं आपलीच री ओढणारे उरले. 1 ऑगस्ट 2017 ला वाटणी झाली, बिटकॉइन कॅश हे वेगळं नाणं निघालं. भावाभावांत तरी धुऱ्यावर गाठ पडते.

लुना नावाच्या नाण्याचं त्याहून वाईट. त्याचे भक्त स्वतःला कौतुकानं 'लुनॅटिक' म्हणवायचे. त्याच्या जोडीला डॉलरच्या भावाला बांधलेलं एक नाणं होतं, त्यावरही वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. 2021 मध्ये एका अर्थतज्ज्ञ बाईनं शंका काढली तर लुना काढणाऱ्या त्या दो क्वॉननं ट्विटरवर उत्तर दिलं, मी गरिबांशी वाद घालत नाही. त्याच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. मे 2022 मध्ये 80 डॉलरच्या आसपासचं लुना आठवडाभरात कवडीमोल झालं. हे वाचताना मला आपल्या ग्रुपवरची रॉकेटं दिसत होती.

गावात काय दोन पार्ट्या नाहीत? ग्रामपंचायतीच्या वेळी एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण सकाळी पानठेल्यावर दोघंही खर्रा घोटून घ्यायला उभे असतात, आणि "काहून बे, बोंडअळी आली का तुयाकडं?" एवढं तरी विचारतातच. फोनमध्ये माणूस काढला की गेला. यूट्यूबवर एका नाण्याचा व्हिडिओ पाहिला, तर त्याच्याखाली त्याचंच कौतुक करणारे आणखी दहा. मी दोन महिने असल्यांच्याच संगतीत होतो. तुझ्यासारखं बोलणारा एकही कानावर आला नाही, आणि जो होता त्याला मीच हाकललं.

परवा रात्री मी तुझाच प्रश्न ग्रुपवर टाकला, तुझ्याच शब्दांत. उत्तर आलं नाही. दुसरा ॲडमिन जागा होता, त्यानं पाच मिनिटांत मला काढलं. माझ्या नावाखाली किती रॉकेटं पडली, ते मला आता दिसत नाही.

कापसाची गाडी जिनिंगला नेतोय. येताना तुझ्या गावावरून वळतो. चहा पाजायचा नसेल तर नको पाजू, दारात उभं राहू दे.

तुझाच,
दिन्या