एम.ए. मराठीचे प्रकल्प: बोली ऐका, संहिता मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून राज्यातील विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा जो आराखडा लागू झाला, त्यात दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटपैकी साधारण १८ क्रेडिट संशोधनाच्या आणि प्रत्यक्ष कामाच्या वाट्याला आली आहेत. पहिल्या सत्रात संशोधनपद्धती ४, दुसऱ्यात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प ४, तिसऱ्यात संशोधनप्रकल्प ४ आणि चौथ्यात ६. एम.ए. मराठीला इतका मोकळा वेळ पूर्वी कधी मिळाला नव्हता. तो कसा खर्च होतो, याकडे प्राध्यापकांनी, अभ्यास मंडळांनी आणि स्वतः विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे, म्हणून हे पत्र.

आज अनेक विभागांत भाषाविज्ञान आणि साहित्यविचार हे दोन स्वतंत्र, बंदिस्त पेपर आहेत. एकात स्वनिम, रूपिम, वाक्यविचार यांच्या व्याख्या. दुसऱ्यात रससिद्धान्त, ध्वनिसिद्धान्त, संरचनावाद, विरचना यांच्या नोट्स. परीक्षेत ‘सोस्यूरचा चिन्हविचार स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो आणि पाठ केलेले उत्तर लिहून होते. पुढे प्रकल्पातही तेच घडते. लेखकाचा परिचय, कथानकाचा सारांश, सिद्धान्ताची दहा पाने आणि निष्कर्ष. सिद्धान्ताचे प्रकरण संपले की पुढच्या पानांवर तो सिद्धान्त पुन्हा दिसत नाही. असे प्रकल्प एकमेकांवरून उतरवता येतात आणि तसे उतरवलेही जातात.

क्षेत्रप्रकल्प म्हणजे प्रत्यक्ष गावात जाऊन केलेले काम. त्याच्या ४ क्रेडिटचे १२० तास होतात. एका गावातली बोली नीट नोंदवायला ते पुरतात, पण आखणी आधी हवी. चार ते सहा बोलणारी माणसे निवडावीत: वयाने, लिंगाने, समाजाने वेगळी. बाईंची निवड करताना त्यांचे माहेर कुठले, लग्नानंतर किती वर्षे या गावात आहेत, हे पहिल्यांदा लिहून घ्यावे. सासरी आलेल्या बाईंच्या बोलण्यात माहेरची बोली मिसळलेली असते. ही नोंद राहून गेली, तर चाळीस कोसांवरचे रूप ‘या गावचे’ म्हणून छापले जाते. संमती ध्वनिमुद्रणातच, सुरुवातीला, त्यांना समजेल अशा बोलीत घ्यावी: मुद्रण कशासाठी आहे, कोण ऐकेल, ते खुले ठेवायचे की नाही.

मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर करावे. एकाच चॅनेलवर तासाला सुमारे ३२० एमबी जागा लागते. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज या कामाला चालत नाही. त्यात वरच्या कंपनसंख्या छाटल्या जातात, आणि मराठीचा एक महत्त्वाचा भेद नेमका तिथेच असतो. ‘चार माणसे’ मधला च आणि ‘गुरे चार’ मधला च, ‘जग फिरून आला’ मधला ज आणि ‘सुखाने जग’ मधला ज, लिहायला एक आणि बोलायला दोन. हा फरक मुख्यतः घर्षणाच्या आवाजात आहे आणि दंत्य उच्चारात (‘गुरे चार’, ‘सुखाने जग’) ते घर्षण अधिक वरच्या पट्टीत असते. दाबलेल्या फाइलमधून त्याचे मोजमाप करायला गेले की दोन्ही सारखेच दिसू लागतात. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा, समोर धरला तर प-फ-भ चे फुत्कार त्यावर आदळतात. पंखा बंद करावा. पत्र्याच्या खोलीपेक्षा गोधड्या-कपडे ठेवलेली खोली बरी, प्रतिध्वनी कमी येतो.

सर्वांत जास्त चुका प्रश्न विचारण्यात होतात. ‘तुमच्याकडे “मी भाकरी खाल्ली” कसे म्हणतात?’ असे विचारले की समोरचा माणूस विचारणाऱ्याचेच वाक्य परत देतो, त्यातही शिकलेल्या पाहुण्यासमोर अधिकच. त्याऐवजी वस्तू दाखवावी, कृती करून दाखवावी, किंवा कोणी काठी मोडतो आहे, मूल भांडे पाडते आहे अशा छोट्या चित्रफिती दाखवून ‘काय झालं?’ एवढेच विचारावे. मग दहा मिनिटे त्यांना काहीही सांगू द्यावे: पेरणी, पाण्याचे भांडण, लग्न. इंग्रज राजवटीत झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा. त्यात बोलींचे नमुने मोठ्या प्रमाणावर बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या एकाच गोष्टीच्या भाषांतरांतून आले. त्यामुळे बोलींची तुलना सोपी झाली, पण भाषांतरात माणूस मूळ वाक्याच्या घडणीला चिकटून राहतो. आज ही मर्यादा पाळण्याचे कारण नाही.

क्रियापदाची जुळणी हा अशा प्रकल्पाला अगदी योग्य विषय आहे. प्रमाण मराठीत ‘तिने आंबा खाल्ला’, ‘तिने पोळी खाल्ली’ असे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘मी पोळी खाल्ली’ मध्येही ते कर्मामागेच जाते, पण ‘मी’ला प्रत्यय लागत नाही. ‘तू पोळी खाल्लीस’ मध्ये तर पोळीचे स्त्रीलिंग आणि ‘तू’चा स, दोन्ही एकाच क्रियापदावर बसतात. ‘तिने मुलीला मारले’ म्हटले की कर्माला ‘ला’ लागतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी होते. वऱ्हाडीत ‘मीनं’ ऐकू येते, अनेक ठिकाणी जुने ‘म्या’ टिकून आहे. आपल्या गावात या पाच जागी काय होते, वयानुसार फरक पडतो का, एवढेच शोधले तरी प्रकल्प भरगच्च होतो. ताडून पाहायला सोय आहे: डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्री संकेतस्थळावर खुली आहे.

लिप्यंतराला, म्हणजे ऐकलेले बोलणे लिहून काढायला, वेळ लागतो, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगावे. एका मिनिटाच्या मोकळ्या बोलण्याला अर्धा ते एक तास धरावा. म्हणून वीस मिनिटांपेक्षा जास्त मजकूर हाती घेऊ नये. आठ तासांचे मुद्रण आणि शून्य लिप्यंतर हा नेहमीचा शेवट असतो. ध्वनी मोजणारे प्रात आणि मुद्रणाखाली लिप्यंतराच्या ओळी लिहू देणारे एलान, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. एलानमध्ये चार ओळी ठेवाव्यात: जसे ऐकले तसे, प्रत्यय सुटे करून, प्रत्येक तुकड्याचा अर्थ, आणि प्रमाण मराठीतले वाक्य. पहिल्या ओळीत ‘पानी’चे ‘पाणी’, ‘डोया’चा ‘डोळा’ आणि ‘व्हता’चा ‘होता’ नकळत केला जातो. शुद्धलेखनाची सवय हातात मुरलेली असते. म्हणून ही ओळ दुसऱ्या विद्यार्थ्याकडून, फक्त ध्वनी ऐकून, तपासून घ्यावी. प्रातमध्ये स्वर मोजताना कमाल फॉर्मंटची (स्वराची ओळख ठरवणाऱ्या ठळक कंपनसंख्यांची) मर्यादा पुरुषांसाठी ५००० आणि स्त्रियांसाठी ५५०० हर्ट्झ ठेवावी. एकच आकडा सर्वांना लावला तर स्त्री-पुरुषांच्या स्वरांत नसलेला फरक दिसतो.

साहित्याच्या बाजूला येताना हीच शिस्त उपयोगी पडते. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया’ हा मोठा अभंग: सहा, सहा, सहा, चार अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. पण आजच्या साध्या बोलण्यात ‘सुंदर ते ध्यान’ला चारच अवयव (उच्चाराचे तुकडे: सुं-दर-ते-ध्यान) येतात, कारण ‘सुंदर’ आणि ‘ध्यान’च्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही. ‘कर कटावरी’चे पाच. छंद मात्र न उच्चारलेला अ मोजतो आणि गाताना तो ऐकूही येतो. मग हा अ रचनेच्या काळी बोलण्यात होता, की तो केवळ गायनाचा आणि लिपीचा संकेत? ज्ञानेश्वरीतल्या ‘एकु’सारख्या रूपांत शेवटचा स्वर जिवंत दिसतो, तिथून पुढे काय झाले? छंदाचे प्रकरण आणि ध्वनीचे प्रकरण एकत्र उघडल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही. भाषावैज्ञानिक याकोब्सनने १९६० मध्ये भाषेच्या काव्यात्म कार्याविषयी जे मांडले ते पाठ करण्यापेक्षा पन्नास अभंगांची अक्षरे मोजावीत, अपवाद काढावेत आणि मग ते मत वाचावे. ते वाचण्याची गोडीही तेव्हाच लागते.

कथनमीमांसेचेही, म्हणजे गोष्ट कशी सांगितली जाते याच्या विचाराचेही, तसेच. फ्रेंच समीक्षक झेनेतने १९७२ मध्ये मांडलेली वारंवारतेची कल्पना (घटना किती वेळा घडते आणि किती वेळा सांगितली जाते) मराठीत क्रियापदावरच दिसते: ‘तो रोज नदीवर जाई’, ‘जात असे’, ‘जायचा’. तिन्हींचा अर्थ जवळपास एक, पण निवेदक कोणते रूप कुठे वापरतो यात त्याचे अंतर आणि त्याचा सूर कळतो. एका कादंबरीची पहिली शंभर पाने घेऊन ही रूपे मोजली, तर सहा क्रेडिटच्या प्रकल्पाला पुरेसा पुरावा जमतो. इथे एक धोका आहे. पात्राचे मनोगत निवेदनात मिसळले आहे हे ओळखण्याचे इंग्रजी निकष, म्हणजे सर्वनाम आणि काळ यांचा बदल, मराठीला जसेच्या तसे लावले जातात. मराठीत ‘ती म्हणाली की मी येते’ यातला ‘मी’ तीच असू शकते. काळ मागे सरकत नाही, सर्वनामही बदलावे लागत नाही. म्हणून ‘आपण’, ‘म्हणे’, ‘ना’, ‘बाई’ अशा खुणा शोधाव्या लागतात. पाश्चात्त्य सिद्धान्त नाकारायची इथे गरज नाही, आपल्या व्याकरणावर तो घासून बघायची आहे. मराठी समीक्षेत हे काम अजून खूप शिल्लक आहे आणि एम.ए.चा विद्यार्थी ते करू शकतो.

अभ्यास मंडळांकडून तीन-चार गोष्टी होण्यासारख्या आहेत आणि त्यांना नवी इमारत लागत नाही. भाषाविज्ञानाच्या पेपरात निदान तिसरा हिस्सा गुण अनोळखी सामग्रीवर ठेवावेत: न पाहिलेल्या बोलीची बारा वाक्ये द्यावीत आणि जुळणीचा नियम काढायला सांगावा. साहित्यविचारात न पाहिलेला उतारा द्यावा. क्षेत्रप्रकल्पाचे गुण जाडजूड अहवालाला न देता मुद्रण, लिप्यंतर आणि बोलणाऱ्यांची माहिती या तीन गोष्टींना द्यावेत. मुद्रणे विद्यार्थ्याच्या फोनमध्ये राहिली की फोनबरोबर जातात. विभागाने दोन प्रती, दोन वेगळ्या जागी, गाव-वर्ष-बोलणाऱ्याचा क्रमांक अशा नावाने ठेवाव्यात. संमतीची नोंद त्यांच्यासोबतच असावी. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच गावात जाईल तेव्हा त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून भाषेच्या प्राचीनत्वावर पुष्कळ बोलले गेले. आज बोलली जाणारी मराठी नोंदवण्याचे काम त्याइतकेच तातडीचे आहे, कारण तिचे सर्वांत जुने बोलणारे वृद्ध आहेत. येत्या सत्राच्या प्रकल्पांचे विषय ठरण्याआधी विभागांनी याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
पदव्युत्तर वर्गांना भाषाविज्ञान शिकवणारा एक अध्यापक,
पुणे