३० सप्टेंबरनंतर येणाऱ्या मुलांनाही चित्रकलेचा शिक्षक द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पुण्यात वाघोली, हिंजवडी, मांजरी या भागांत दिवाळीनंतर जी मुले शाळेत दाखल होतात, त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आईवडील बांधकामावर. घरी कोणी भोजपुरी बोलते, कोणी कन्नड, कोणी लमाणी. पटावर नाव चढते, स्थलांतरित मुलाचे शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावे म्हणून मिळणारे शिक्षण हमी पत्रक असेल तर तेही जोडले जाते, आणि मग ते मूल मागच्या बाकावर नुसते बसून राहते.

मी कलाशिक्षिका आहे. असे मूल पहिल्यांदा मोकळे होते ते चित्रकलेच्या तासाला, हे मी अनेकदा पाहिले आहे. झारखंडातल्या हजारीबागकडची एक मुलगी मराठीत विचारा की हिंदीत, मान खाली घालायची. एकदा तिने काळ्या कागदावर पांढरा पोस्टर कलर जाड फासला आणि तो ओला असतानाच तुटक्या कंगव्याने ओरखडायला लागली. खालचा काळा रंग रेघारेघांनी उघडा पडला, त्यातून मोर झाला, वेल झाली. तिच्या मुलखात लग्नघराच्या भिंतीवर बायका हेच करतात. काळ्या मातीवर पांढऱ्या मातीचा हात देतात आणि वाळायच्या आत कंगव्याने किंवा बोटांनी चित्र काढतात. त्याला खोवर म्हणतात. सोहराई-खोवर चित्रांना २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. वर्गातल्या मुली तिच्याभोवती जमल्या, "मला पण शिकव ना" म्हणून मागे लागल्या. शिकवायचे तर बोलावे लागतेच. "थांब", "आता नको", "ओलं आहे" हे तिच्या तोंडून मी ऐकलेले पहिले मराठी.

महोदय, कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तिथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे. पण संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्यासाठी, पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. ही मुले येतात त्यानंतर. म्हणजे ज्या शाळेला कलाशिक्षक सर्वात आधी हवा, तिथेच तो कागदावर बसत नाही. पहिली ते पाचवीसाठी तर या परिशिष्टात असा निदेशकच नाही, आणि सगळ्यात जास्त बुजलेली मुले त्याच वर्गांत असतात.

म्हणून माझी मागणी अशी: बांधकामे आणि वीटभट्ट्या असलेल्या भागांतल्या शाळांचा पट दुसऱ्या सत्रात पुन्हा मोजावा, त्यांच्यासाठी शंभराची अट शिथिल करावी आणि निदेशक पहिलीपासून द्यावा. पैशाचा प्रश्न निघेल. बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर गोळा होतोच. तो ज्यांच्या घामावर जमतो त्यांच्या मुलांसाठी त्यातला वाटा मिळावा, यासाठी आपण कामगार विभागाशी बोलावे.

नुसत्या रंगपेट्या वाटून हे होणार नाही, फोटोपुरत्या चित्रकला स्पर्धेने तर नाहीच. आणखी एक कळकळीने सांगते. बिहारच्या मुलाकडून मधुबनीच काढून घ्यायची, असे होता कामा नये. माझ्याकडच्या एका मुलाला फक्त टॉवर क्रेन काढायची असायची. तिच्या जाळीतला एकेक त्रिकोण तो न चुकता काढत असे, कारण बाप तिच्याखाली राबतो. ते चित्रही त्याचेच आहे.

ज्या आवारात मराठी आणि उर्दू शाळा शेजारी भरतात, तिथे निदान चित्रकलेचा तास एकत्र घ्यायला काय हरकत आहे? उर्दू सुलेखनाचा कलम आणि आपला बोरू, दोन्ही तिरपे कापतात. ते एकाच बाकावर कापायला बसली की मुले आपोआप एकमेकांची अक्षरे गिरवून बघतील.

आणि शिक्षण हमी पत्रकासोबत प्रत्येक मुलाची चित्रवही पुढच्या शाळेत जावी. काम संपले की कुटुंब रातोरात उठते, मूल जिथे जाईल तिथे त्याला पुन्हा अनोळखी म्हणूनच बसवतात. चित्रवही उघडली तर नव्या गुरुजींना पहिल्याच दिवशी त्याच्याशी बोलायला काहीतरी सापडेल.

शासन निर्णय यंदाच्या दिवाळीच्या सुटीआधी निघाला, तर दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात हे शिक्षक वर्गावर हजर होऊ शकतील. आपल्या उत्तराची मी वाट पाहते.

आपली,
एक कलाशिक्षिका, पुणे