स्वस्त तिकिटाच्या खाचाखोचा दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

परदेशी विमानाचं तिकीट स्वस्तात कसं काढायचं, हे तुम्ही विचारेल त्याला हातचं काही न राखता सांगता. त्याबद्दल हे जाहीर आभार.

पहिले आभार चौघांच्या तिकिटाच्या युक्तीबद्दल. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकतात. स्वस्त गटात तीनच उरल्या असतील आणि आपण एकदम चार मागितल्या, तर बहुतेक वेळा चौघांनाही महागडा दर लागतो. म्हणून आधी एकाचा दर बघायचा, मग दोघांचा, मग तिघांचा. जिथे दर उडी मारतो तिथे बुकिंग दोन भागांत तोडायचं. मात्र पीएनआर दोन झाले की विमान रद्द झाल्यावर कंपनीला ही माणसं एकत्र आहेत हे आपोआप कळत नाही, तेव्हा फोन करून दोन्ही बुकिंगांत एकमेकांची नोंद करून घ्या, हेही तुम्हीच बजावता. ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे शोधाची नोंद न ठेवणाऱ्या खिडकीत, शोधलं की दर उतरतो, ही समजूत तुम्ही हसण्यावारी नेता. मिनिटाभरात दर वाढतो तो बहुधा स्वस्त गट संपल्यामुळे.

शोधताना विमानतळाऐवजी शहराचा कोड टाकायचा, म्हणजे लंडनसाठी एलओएन टाकलं की हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन सगळे एकदम दिसतात, हे छोटंसं पण रोज उपयोगी.

खरे आभार मात्र ‘सेल्फ ट्रान्सफर’ या दोन शब्दांवर बोट ठेवल्याबद्दल. यादीत सगळ्यात वर, सगळ्यात स्वस्त दिसतं ते पुष्कळदा हेच: दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं एकत्र दाखवलेली. सामान शेवटपर्यंत जाईलच असं नाही. मध्ये बेल्टवरून बॅग उचला, इमिग्रेशन ओलांडून बाहेर या, पुन्हा चेक-इन करा. बाहेर येण्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागत असेल आणि तो नसेल, तर पहिल्याच काउंटरवर अडवतात. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण नो-शो, म्हणजे न आलेले प्रवासी, पैसे बुडाले. तोच प्रवास एका तिकिटावर असता, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीच्या गळ्यात असतं. त्यामुळे दरातला फरक बॅगेचे पैसे, व्हिसा आणि मधल्या रात्रीचं हॉटेल धरूनच मोजायचा.

अमेरिकेची सवलतही तुमच्याकडूनच कळते. तिथे जाणाऱ्या किंवा तिथून सुटणाऱ्या विमानाचं तिकीट उड्डाणाच्या किमान 7 दिवस आधी थेट कंपनीकडे काढलं, तर 24 तासांत फुकट रद्द करण्याची किंवा पैसे न भरता तेवढा वेळ दर धरून ठेवण्याची, दोन्हीपैकी एक सोय कंपनीला द्यावीच लागते. मधल्या एजंट साइटला हा नियम बांधील नाही.

आणि पैसे भरल्यावरची ती तपासणी! एजंट साइटचा ‘कन्फर्म्ड’ मेल आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. सहा अक्षरी पीएनआर म्हणजे नुसतं बुकिंग. 13 आकडी तिकीट नंबर आलाय का ते बघायचं. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे. तो नंबर नसेल तर तिकीट निघालेलंच नाही, आणि तिकीट काढायची मुदत टळली की कंपनी जागा सोडून देते. मग तोच पीएनआर कंपनीच्या साइटवर टाकून नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर ताडून घ्यायचं, तेही त्याच दिवशी.

आपले,
तुम्हाला विचारल्याशिवाय ‘पे’चं बटण न दाबणारे आम्ही सगळे